देव मानतो, एवढ्यावरून नकार?

चिऊ, काल आधी काकूचा फोन आला आणि पाठोपाठ तुझा मेसेज. काकूचं म्हणणं, पोरीनं इतकं चांगलं स्थळ एका वाक्यावरून परत पाठवायचं ठरवलंय. तुझं म्हणणं, तो देव मानतो, मी मानत नाही, आमची जीवनदृष्टीच वेगळी आहे, विषय संपला. तुम्हा मायलेकींच्या भांडणात पडायचं नाही असं मी केव्हाच ठरवलंय. पण तुझं ते 'जीवनदृष्टी' काही डोक्यातून जाईना. तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. करत होते तेव्हा सगळं घर विचारायचं, याचं पुढं करणार काय? हे करणार. धाकट्या बहिणीशी रात्री अकरा वाजता वाद घालणार.

एक आधीच सांगून टाकते. हा मुलगा कर, दुसरा कर, नाहीतर कुणीच नको करूस, माझं काही म्हणणं नाही. तू देव मानत नाहीस हेही मला मान्य. मी संकष्टी धरते हे तूही चालवून घेतेस. (माझी भक्ती साबुदाण्याच्या खिचडीपाशी सुरू होते आणि बहुतेक तिथंच संपते, हे तुला माहीत आहे.) माझं भांडण फक्त तुझ्या कारणाशी आहे. देव आहे किंवा नाही, हे एक वाक्य झालं. त्या वाक्यावरून माणसाची अख्खी जीवनदृष्टी कळते असं तू धरून चालली आहेस, आणि तिथं तू फसशील. याला नाही म्हटलंस म्हणून फसशील असं नव्हे. उद्या एखादा 'मीपण नास्तिक' म्हणत आला, की त्याला बाकी काही न विचारता हो म्हणशील, त्याची मला धास्ती.

न मानणाऱ्यांचीच यादी काढून बघ ना. आगरकर घे. 1888 साली 'सुधारक' काढला त्यांनी. देव आहे की नाही हे माणसाला कळण्याजोगं नाही, अशी त्यांची अज्ञेयवादी भूमिका. पण त्यांचा सगळा जीव कशात होता? व्यक्तीच्या स्वातंत्र्यात. मुलींचं शिक्षण, बालविवाह, विधवांचं केशवपन, यावर ते लिहीत राहिले, आणि पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. एकोणचाळिसाव्या वर्षी गेले बिचारे. आता सावरकर घे. पोथीपेक्षा विज्ञान मोठं मानणारे, गाय हा उपयुक्त पशू आहे असं ठणकावणारे. 1966 साली गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे विद्युतदाहिनीत अंत्यसंस्कार झाले. त्याच सावरकरांनी 1923 मध्ये 'हिंदुत्व' मांडलं. पितृभू, पुण्यभू, राष्ट्र. त्यांच्या विचाराचा कणा तो. तिकडे तमिळनाडूत पेरियार. देव नाही हे त्यांच्याइतक्या मोठ्या आवाजात देशात कुणी सांगितलं नसेल. पण हिंदू म्हणून एकजूट करणं हीच त्यांना जातीची कैद वाटायची. भगतसिंगांनी 1930 मध्ये तुरुंगात बसून आपण नास्तिक का, हे लिहिलं, आणि त्यांना हवी होती समाजवादी क्रांती. आणि आपले र. धों. कर्वे! महर्षी कर्व्यांचा मुलगा. 1927 पासून 1953 मध्ये जाईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवत राहिले, संततिनियमनावर लिहीत, कोर्टकज्जे सोसत.

या पाचांना एका खोलीत बसव. देवाचा विषय दोन मिनिटांत उरकेल. मग राष्ट्र म्हणजे काय, मालमत्ता कुणाची, जात कशी जाणार, बाईच्या शरीरावर हक्क कुणाचा, असं काहीही काढ, पहाटेपर्यंत भांडतील. तू स्वतः यातल्या कुणाशी संसार करशील सांग. मी असते तर कर्व्यांशी केला असता, पण घरखर्च मला चालवावा लागला असता.

मानणाऱ्यांचं तरी कुठे एक आहे? 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना खुलं करा, एवढीच मागणी. गुरुजी किती भाविक होते हे मी तुला सांगायला नको. पण समोर जे विरोधात उभे होते, तेही विठ्ठलाचेच. देवळातलेच, रोज काकडआरती करणारे. देव एक, विटेवरचा एकच, आणि त्याच्या नावानं दोन माणसं एकमेकांच्या बरोबर उलट उभी. गाडगेबाबा घे. कीर्तन देवाचं करायचे, आणि कीर्तनाआधी गावाचे रस्ते झाडून काढायचे. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली, कारण अस्पृश्य वारकऱ्यांना टेकायला जागा नव्हती. जोतीराव फुले तर निर्मिक मानायचे, जगाचा एक निर्माता. आणि त्या निर्मिकाच्या आधारावरच भट नको, मध्यस्थ नको म्हणाले. 1873 च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात भटजीशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लावून दाखवलं. तुझ्या हिशेबात फुले 'देव मानणारे' म्हणून बाद होणार. करशील बाद?

तू म्हणशील, ताई, ही सगळी मोठी माणसं, यांचं काय सांगतेस. बरं, मग जुन्या शास्त्रात ये. हे मला बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं तेव्हा मी सरांकडे बघतच राहिले होते. आपले सांख्य माहीत आहेत ना, पुरुष आणि प्रकृतीवाले? पंचवीस तत्त्वांत सगळं जग बसवलं त्यांनी. पुरुष, प्रकृती, बुद्धी, अहंकार, मन, मग पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच तन्मात्रं, पाच महाभूतं. मोजून बघ, पंचवीस भरतात. यात ईश्वर कुठेच नाही. ईश्वरकृष्ण नावाच्या माणसानं लिहिलेल्या सांख्यकारिकेत ईश्वराला जागा नाही, ही त्यातली गंमत. आता पतंजलींचा योग. तो जवळपास हीच मांडणी उचलतो आणि वर सव्विसावा म्हणून ईश्वर ठेवतो. तोही जगाचा कर्ता म्हणून नव्हे. क्लेश आणि कर्म ज्याला शिवत नाहीत असा एक विशेष पुरुष, मन एकाग्र करायला उपयोगी. म्हणून योगाला सेश्वर सांख्य म्हणतात. देव आत आला काय, बाहेर राहिला काय, दुःख कशामुळे, सुटका कशी, माणूस म्हणजे कोण, याची उत्तरं बहुतेक तशीच राहिली. जगाकडे बघायची रीत एकच, देव मात्र एकीकडे आहे आणि एकीकडे नाही.

याहून गमतीदार आपले मीमांसक. यज्ञ कसा करायचा, मंत्र कुठे म्हणायचा, याचा सगळ्यात बारीक काथ्याकूट करणारी ही मंडळी. काटेकोर कर्मठ. आणि त्यांना जगाचा कर्ता ईश्वर लागतच नाही! कुमारिल भट्टांनी तर तसा कर्ता मानण्याविरुद्ध मुद्दे मांडलेत. वेद कुणी रचलेच नाहीत, यज्ञाचं फळ यज्ञाच्याच सामर्थ्यानं मिळतं, मग ईश्वर मधे हवा कशाला, असा त्यांचा हिशेब. म्हणजे देव नाही, पण सोवळं-ओवळं सगळं आहे. तुला हे ऐकून आपले मधले काका आठवले असतील. मला तर परीक्षेत उत्तर लिहितानाच आठवले होते. उभ्या जन्मात देवळाची पायरी चढले नाहीत, आरतीला बाहेर ओट्यावर जाऊन बसतात, पण शुभाताईच्या लग्नाच्या वेळी त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला? मुलगा आपल्यातला आहे ना.

आणि तुझी सांगलीची मैत्रीण, होस्टेलवर तुझ्या शेजारच्या कॉटवर होती ती? दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायची, मेसवाल्या मावशी तिच्यासाठी पाच वाजता पोळ्या लाटून ठेवायच्या. रोज णमोकार मंत्र म्हणायची, सुट्टीत घरी गेली की बस्तीत, म्हणजे जैन देवळात, जायची. जैन दर्शनात जग निर्माण करणारा ईश्वर नाही. आत्मा आहे, कर्म आहे, पुनर्जन्म आहे, मूर्ती आहेत, पूजा आहे, आणि कर्ता नाही. तिला तू कुठल्या रकान्यात घालणार? चार्वाकही म्हणाले कर्ता नाही, पण ते सोबत आत्माही नाही म्हणाले, परलोकही नाही म्हणाले. एका मुद्द्यावर दोघांचं जमलं आणि जगायचं कसं यावर टोकाचं बिघडलं.

रकान्यावरून आठवलं. वधूवर मंडळाच्या फॉर्मवर 'धर्म' समोर तू रेघ मारलीस म्हणून काकू अजून धुमसतेय. तिला सांग, सप्टेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिलाय, की सरकार कुणालाही फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही आणि 'मला धर्म नाही' असं म्हणण्याचा हक्क घटनेच्या 25 व्या कलमातच येतो. पण ती याचिका कुणाची होती माहितीये? नास्तिकांची नव्हती. येशू ख्रिस्तावर श्रद्धा असणाऱ्या, पण आपण कुठल्याच धर्माचे नाही असं म्हणणाऱ्या लोकांची होती. श्रद्धा आहे, धर्म नको. सावरकरांचं याच्या उलट, ओळख हवी, कर्मकांड नको. वधूवर मंडळाच्या फॉर्मात यांच्यासाठी रकाना कुठून आणणार? त्या फॉर्मात 'मंगळ: आहे/सौम्य/नाही' याला मात्र तीन रकाने.

आता तुझ्याबद्दल बोलू. तू म्हणालीस, देव सोडला आणि माझं सगळंच बदललं. बदललं खरं, मी बघितलंय. पण क्रम नीट आठव. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून तू प्रत्येक गोष्टीला 'कशावरून?' विचारायला लागलीस. बाबांना व्हॉट्सॲपवर येणारे हळदीचे उपाय, काकूची शनीची भीती, आमच्या बँकेतल्या साहेबांची 'बायकांना लोन रिकव्हरी जमत नाही' ही बडबड, सगळ्यांना तोच प्रश्न. देवाचा नंबर त्या रांगेत कधीतरी लागला. म्हणजे तुझी दृष्टी काय आहे? पुरावा मागणं. नास्तिकपणा हे त्या दृष्टीनं काढलेलं एक उत्तर आहे. आणि तेच उत्तर दुसरा माणूस भलत्याच वाटेनं काढू शकतो. नवसाला पावला नाही म्हणून कुणी रागानं देव सोडतो. कुणाला पूजेचा कंटाळा असतो. कुणाचं अख्खं मित्रमंडळच तसं असतं, मग तोही तसा. अशा माणसाला पुराव्याशी काही घेणंदेणं नसतं. तो देव मानणार नाही आणि शेअर बाजाराच्या टिपांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवेल. आमच्या शाखेत आहेत असे, नावं सांगत नाही.

दारावरच्या पाटीवरून घरात कोण कुणाशी कसं बोलतं ते कळत नाही, तसंच हे.

पण थांब, मी असंही म्हणत नाही की देव मानणं-न मानणं याला काडीचं महत्त्व नाही. तसं म्हणणं सोपं आहे आणि खोटं आहे. काही माणसांच्या बाबतीत ते एक वाक्य इतक्या गोष्टींना जाऊन चिकटलेलं असतं, की ते ओढलं तर सगळंच हातात येतं. बाबासाहेब घे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. पहिल्याच काही प्रतिज्ञा हे देव मी मानणार नाही अशा आहेत. पण तिथं ते थांबले नाहीत. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही, सगळी माणसं समान मानीन, हेही त्याच यादीत आहे. नुसता नकार देऊन लाखो माणसं घरी पाठवायची नव्हती त्यांना. नकारानंतर जगायचं कसं, हे त्यांनी हातात दिलं. ती जीवनदृष्टी. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या नवमानवतावादाचंही तसंच. आपल्या इथून हाकेच्या अंतरावर वाईला त्यांचे साथी राहायचे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. पाठशाळेत शिकलेले पंडित, धर्मकोशाचं काम करणारे, 'हिंदू धर्माची समीक्षा' लिहिणारे, पुढे विश्वकोशाचे प्रमुख संपादक. अशा माणसाला नुसतं 'नास्तिक' म्हणून सोडून देणं म्हणजे त्यांचं आयुष्यभराचं काम न वाचता कपाटात ठेवणं.

मानणाऱ्यांतही तसंच आहे, आणि इथं तुझा तो मुलगा येतो. काकूनं मला बायोडेटा पाठवला. वाळव्याकडचा, साखर कारखान्यात केमिस्ट. 'आवड' या शब्दापुढे लिहिलंय: ट्रेकिंग, वारी (लोणंद ते फलटण). कंस बघून मला हसू आलं. माणूस प्रामाणिक दिसतो, पूर्ण वारी करतो असं नाही लिहिलं, जेवढी करतो तेवढीच लिहिली. तर चिऊ, तू वारी कधी जवळून बघितली नाहीस. लोणंद सोडलं की तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब लागतो, माऊलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तिथं होतं. मी दोनेकदा गेलेय. घोडा धावून जातो, लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात, ते तुला पटणार नाही, नको पटू दे. पण त्या गर्दीत एक बघ. सत्तरीचा म्हातारा विशीतल्या पोराच्या पाया पडतो आणि ते पोरगं लगेच वाकून त्याच्या. जात विचारत नाहीत, वय बघत नाहीत, सगळे एकमेकांना माऊली. गळ्यात माळ घातली की मांस-मच्छी नाही, दारू नाही, एकादशी, आषाढी-कार्तिकी. ज्यानं हे सगळं मनापासून घेतलंय त्याची ती जीवनदृष्टीच आहे, वादच नाही. पण लोणंद ते फलटण चालणाऱ्यातला प्रत्येक जण तसा असतो का? अगं, निम्मे तिथं मित्रांबरोबर मजा येते म्हणून येतात, काही वडिलांचा शब्द मोडवत नाही म्हणून, काही फोटोसाठी. शिवाय दिंडीत पाया पडणारा घरी येऊन सोयरीक जातीतच करतो, हेही आपण बघतो. हा मुलगा यातला कुठला, हे तुला 'देव मानतो' या दोन शब्दांवरून कळलं कसं?

आपल्या साताऱ्याच्या दाभोळकरांना हे बरोबर कळलं होतं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका आठव: देव-धर्माबाबत तटस्थ, लढा शोषणाशी. समितीत देव मानणारे कार्यकर्ते होते, आहेत. डॉ. लागूंना हे पुरेसं वाटायचं नाही. त्यांचं मत सरळ, देव ही कल्पनाच आता निवृत्त करायला हवी. दोघांनी एकाच व्यासपीठावर बसून, लोकांसमोर हा वाद घातला, आणि दोघं मित्रच राहिले. मला विचारशील तर तर्काला लागू जास्त सरळ वाटतात आणि कामाला दाभोळकर. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात सकाळी फिरायला गेलेल्या दाभोळकरांना गोळ्या घातल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो एकदा वाच, लहानसा आहे. देव आहे की नाही यावर त्यात एक अक्षर नाही. भूत काढतो म्हणून मारहाण करणं, चमत्काराच्या नावानं पैसे उकळणं, साप चावला तर दवाखान्यात जाऊ न देणं, अशा बारा गोष्टी गुन्हा ठरवल्या आहेत. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना कायदा लागू नाही हेही त्यात लिहिलंय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेचंही तसंच. मे 2022 मध्ये त्यांनी ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्यासाठी गावाला आधी देव सोडावा लागला नाही. आणि आपली आक्काआत्या तर ठराव वगैरे व्हायच्या कितीतरी आधीपासून समोरच्या देसाईकाकूंना संक्रांतीचं वाण देत होती, काका गेल्यानंतरही, सगळ्या बायकांच्या देखत. तीच आक्काआत्या जिच्या देव्हाऱ्यात उभं राहायला जागा नाही.

आता खरी गोष्ट, जी तुला काकू सांगणार नाही आणि तुझी ती पुस्तकंही सांगत नाहीत.

आपल्या घरांत देव हा श्रद्धेचा कमी आणि कामाचा विषय जास्त आहे. लग्न करून गेलीस की तुला कुणी विचारणार नाही, सूनबाई, तुमचा ईश्वराच्या अस्तित्वाविषयी काय विचार? विचारतील ते गौरीच्या दिवशी पुरण किती शिजवायचं. सोळा भाज्या कुणी निवडायच्या. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य कोण करणार. देव्हाऱ्यातली पितळेची भांडी चिंचेनं कोण घासणार. मी लग्न होऊन आले तेव्हा महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत मी हात जोडून उभी राहिले असेन मोजकी पाच मिनिटं, बाकी सगळा वेळ ओट्याशी. देव मानणारे सासरे पाटावर बसून पूजा सांगत होते आणि देव न मानणारे चुलतसासरे बाहेर पेपर वाचत होते. पानं वाढल्यावर दोघंही एकाच पंगतीला बसले, आणि न मानणाऱ्यांनी पुरणपोळी जास्त खाल्ली. श्रद्धा त्यांची, अश्रद्धा त्यांची, आणि पुरण वाटून वाटून खांदा माझा दुखला. नास्तिक नवरा मिळाला म्हणून तुझी यातून सुटका होईल असं समजू नकोस. 'मी तर मानत नाही, आईसाठी तू करून टाक' हे वाक्य मी किती मैत्रिणींच्या नवऱ्यांच्या तोंडून ऐकलंय.

म्हणून त्या मुलाला भेटणारच असशील तर देव सोडून बाकी विचार. पाळीच्या दिवसांत तुमच्याकडे काय पाळतात, आणि तुला त्याबद्दल काय वाटतं? आईसमोर बोलशील का? कुळाचार आहेत ते कुणी करायचे, मी नाही म्हटलं तर तू करशील का? नैवेद्याचा स्वयंपाक येतो का तुला? साखर कारखान्यात केमिस्ट आहे म्हणे, पाक तरी जमायला हवा. घरात कुणी आजारी पडलं की आधी कुठे जाता? अंगारा लावून लगेच डॉक्टरकडे नेतात ती माणसं मला चालतात, तसले आपण सगळेच आहोत. पण ऑपरेशन टाळून 'त्याच्या मनात असेल तसं' म्हणणारं घर असेल तर तिथं एक पाऊलसुद्धा टाकू नकोस, आणि तेव्हा म्हण खुशाल जीवनदृष्टी वेगळी म्हणून. बहिणीनं जातीबाहेर लग्न ठरवलं तर तू कुणाच्या बाजूला? मुलगी झाली तर? पगार कुणाच्या खात्यात? मूल मोठं होऊन म्हणालं मी देव मानत नाही, तर? आणि उलटं झालं, तुझ्या नास्तिक घरात मुलाला वारीला जावंसं वाटलं, तर तू काय करशील? हा शेवटचा तुझ्यासाठी आहे, त्याच्यासाठी नाही.

लग्न कसं लावायचं हेही लगेच बोलून घ्या. तू नोंदणी म्हणणार, त्याच्या घरचे अक्षता म्हणणार. विशेष विवाह कायद्यात तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, तेव्हा मुहूर्त काढून मग आठवण झाली असं नको. सत्यशोधक पद्धतीनंही लावता येतं, आपल्या जिल्ह्यात लावतात अजून, मंगलाष्टकंही असतात, भटजी नसतो. त्याला ते कसं वाटतं बघ. या एका विषयावर माणूस किती ऐकून घेतो, किती ताणतो आणि कुठे आईच्या मागे लपतो, ते सगळं समोर येतं.

कदाचित सगळं विचारून झाल्यावरही तू नाहीच म्हणशील. बोलताना तोंडात सारखं 'आमच्यात असं असतं' येत असेल, किंवा नुसताच आवडला नाही म्हणून. चालेल. 'आवडला नाही' हे कारण मला 'देव मानतो' पेक्षा शंभर पट पटतं, आणि काकूलाही मी ते पटवून देईन.

तसं काकूला मी सकाळीच सांगून टाकलंय, की चिऊ आणखी एकदा भेटणार आहे, तोवर तिकडे नकार कळवू नकोस. भांडणात पडणार नाही म्हणाले होते, माहितीये. तुला भेटायचं नसेल तर आजच तिला फोन करून तसं सांग, नाहीतर रविवारी ती पोहे भिजवून बसेल आणि शिव्या मला खाव्या लागतील.